झुडपी जंगलातला रानकांदा

नागपूरहून भंडाऱ्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग भंडारा शहराच्या अलीकडे शहापूरवरून जातो. दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, मध्येच एखाद्या तलावाची पाळ आणि जिथे पाणी पोचत नाही तिथे मुरमाड, तांबूस, गोटे वर आलेली बरड जमीन. चैत्र-वैशाखात या बरडावर पाहण्यासारखे काही उरत नाही. गवत वाळून पिवळे पडलेले असते, पळसाची फुले गळून गेलेली असतात, तेंदूची खुरटी झुडपे तेवढी कोवळ्या पालवीवर असतात. अशा वेळी पूर्व विदर्भातल्या बरडांवर कधी कधी एक विचित्र दृश्य दिसते. पान नाही, फांदी नाही, आधार नाही. तापलेल्या मुरमातून हात-दीड हात उंचीची एकच बारीक काडी सरळ वर आलेली असते आणि तिच्या वरच्या निम्म्या भागावर फिकट तपकिरी-हिरवट फुले दूर दूर लोंबत असतात. कोणीतरी गंमत म्हणून काडी जमिनीत खोचून ठेवली असावी, असेच पाहणाऱ्याला वाटते. हा रानकांदा.

पंधरा-वीस दिवसांनी तीच जागा पाहिली तर काडी वाळलेली, त्रिकोणी बोंडे तडकलेली आणि काळ्या चपट्या बिया वाऱ्यावर गेलेल्या. मृगाचा पाऊस पडला की त्याच ठिकाणी गवतासारखी लांब, चपटी, हिरवीगार पाने वर येतात. पण तोवर भोवताली सगळेच हिरवे झालेले असते आणि ती पाने कोणाच्या ध्यानात येत नाहीत. फूल आहे तेव्हा पान नाही आणि पान आहे तेव्हा फूल नाही, अशा रीतीने ही वनस्पती वर्षात दोनदा दोन वेगळ्या रूपांनी प्रकट होते. दोन्ही रूपे एकाच कांद्याची आहेत हे गुराख्याला ठाऊक असते. शिकलेल्या माणसाला बहुधा सांगावे लागते.

रानकांदा महाराष्ट्रात दुर्मीळ आहे काय? पुस्तकी अर्थाने नाही. भारताच्या बहुतेक कोरड्या प्रदेशांत, कोकणच्या किनाऱ्यापासून कोरोमंडलच्या वाळूपर्यंत, शिवाय आफ्रिकेत आणि आग्नेय आशियातही त्याची नोंद आहे. परंतु तो ज्या जमिनीवर उगवतो ती जमीनच कमी होत चालली आहे आणि त्याचे काही सख्खे चुलतभाऊ मात्र खरोखरच मोजक्या पठारांपुरते उरले आहेत. या सगळ्या कुटुंबाची ओळख करून घेण्यापूर्वी त्याच्या घराविषयी, म्हणजे झुडपी जंगलाविषयी, थोडे सांगणे आवश्यक आहे.

'झुडपी जंगल' हा शब्द वनस्पतिशास्त्राचा नाही; तो महसुली दप्तराचा आहे. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत, म्हणजे जुन्या मध्य प्रांताच्या मराठी मुलखात, शेतीच्या उपयोगाची नाही, मोठे वृक्षही नाहीत, पण खुरटी झुडपे आहेत अशा जमिनींची नोंद या नावाने झाली. मालगुजारी होती तेव्हा या जमिनी मालगुजाराच्या, पण वापर गावाचा. गुरे चारणे, जळण आणणे, मुरूम-दगड काढणे या 'निस्तारा'च्या हक्कांसाठी त्या मोकळ्या राहिल्या. १९५१ मध्ये मालगुजारी संपली आणि त्या सरकारजमा झाल्या. पळस, खैर, बोर, तेंदू यांची कमरेएवढी झुडपे, मधे कुसळी गवत आणि पायवाटा असे त्यांचे साधारण रूप. पाहणाऱ्याला ती पडीक वाटते आणि बहुतेकांनी तिला पडीकच मानले.

जगात अशी भूमी आपल्याकडेच आहे असे नाही. अमेरिकेच्या पश्चिम भागात, रॉकी पर्वताच्या पलीकडे, शेकडो मैल पसरलेला 'सेजब्रश' नावाचा झुडपी प्रदेश आहे. हे सेजब्रश म्हणजे आपल्या दवण्याच्याच प्रजातीतले झुडूप. जोतिबाला वाहतात त्या दवण्याचे हे राकट, राखाडी, डोंगरी भावंड म्हणायला हरकत नाही. तिथेही कोरडी जमीन, तिथेही गुरांची चराई आणि तिथेही 'या उजाड रानात काय आहे?' हा प्रश्न. त्या प्रदेशातल्या आयडाहो राज्यात, बॉयसी शहराच्या पाठीशी असलेल्या टेकड्यांच्या वाळूमय उतारांवर एक जंगली कांदा आढळतो. मॅरियन ओन्बी या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९५० मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले आणि हॅना आसे या महिला वनस्पतिशास्त्रज्ञाचे नाव त्याला दिले. आसेचा कांदा बोटभर उंचीचा. थंडी सरता सरता, इतर झाडे जागी होण्याआधीच, जमिनीलगत गुलाबी फुलांचा गुच्छ काढतो आणि उन्हाळा सुरू होईपर्यंत दिसेनासा होतो. त्याची सगळी वस्ती राज्याच्या नैर्ऋत्य भागातल्या थोड्याशा टापूत. शहर टेकड्यांवर चढू लागले, घरांसाठी वाळू आणि खडी निघू लागली, आणि कांद्याला नेमकी तीच वाळू लागते. भंडाऱ्याच्या मुरमाड बरडाची कहाणी याहून फार निराळी नाही. फरक असलाच तर इतकाच, की तिथल्या कांद्याची वस्ती मोजली गेली.

आता आपल्या रानकांद्याकडे वळू. शास्त्रीय नाव ड्रिमिया इंडिका. मराठीत त्याला कोळकांदा असेही म्हणतात. संस्कृतात कोलकंद आणि वनपलांडू, हिंदीत जंगली प्याज. पलांडू म्हणजे कांदा आणि 'कोल' म्हणजे रानडुक्कर. जमिनीखाली पांढरट, मांसल, एकावर एक पापुद्रे असलेला गड्डा असतो. आकार लिंबाएवढ्यापासून मोठ्या कांद्याएवढा. वर्षभराचे अन्न आणि पाणी या गड्ड्यात साठलेले असते. म्हणूनच मे महिन्यात, पावसाचा थेंब नसताना, निव्वळ साठ्यावर तो फुलांचा दांडा काढू शकतो. दांडा साधारण एक ते दीड फूट उंचीचा. त्यावर आणखी अर्धा ते एक फूट लांबीची विरळ मंजिरी. प्रत्येक फुलाला इंचभर किंवा त्याहून थोडा लांब, बारीक देठ आणि त्याला खाली झुकलेल्या सहा पाकळ्या. पाकळीच्या मध्यावर तपकिरी-हिरवी रेघ, कडा फिकट. उमललेले फूल फार काळ टिकत नाही. दांड्यावर खालून वर अशी एकेक फुले उघडत जातात आणि कालची फुले आज कोमेजून तिथेच चिकटून असतात. फळ म्हणजे तीन कप्प्यांचे, दोन्ही टोकांना निमुळते बोंड. बिया चपट्या, काळ्या, कागदासारख्या हलक्या.

पाने पहिल्या पावसानंतर. अर्धा ते दीड फूट लांब, बोट-दीड बोट रुंद, टोकाला अणकुचीदार. पावसाळ्याचे चार महिने ही पाने गड्ड्यासाठी अन्न तयार करतात आणि थंडीत वाळून जातात. त्यानंतर वैशाखापर्यंत जमिनीवर काहीच नसते. फुलोरा उन्हाळ्यात काढण्याचा फायदाही आहे. त्या वेळी गवत वाळलेले किंवा जळालेले असल्याने दांडा कीटकांना लांबून दिसतो आणि बिया पडतात तेव्हा पाऊस उंबरठ्यावर असतो. आपल्याकडच्या रानांत मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाला जाळतात, त्यातून वणवे लागतात. वरचे सगळे जळते. वीतभर खाली असलेला गड्डा सुरक्षित राहतो. काळ्या पडलेल्या जमिनीवर हा दांडा विशेष उठून दिसतो.

नावांचा प्रवास थोडक्यात सांगण्यासारखा आहे. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख विल्यम रॉक्सबर्ग यांनी त्याला 'सिला इंडिका' म्हटले. एकोणिसाव्या शतकात कुंथ या जर्मन शास्त्रज्ञाने त्याला 'अर्जिनिया' प्रजातीत नेले. हे नाव अल्जीरियातल्या बेनी अर्जिन या टोळीवरून आलेले. १९७७ मध्ये जेसप यांनी ते 'ड्रिमिया'त हलवले. ड्रिमिया हा मूळ ग्रीक शब्द, अर्थ तिखट, झोंबणारा. कुळही बदलले. जुन्या पुस्तकांत हा लिली कुळात सापडेल, मधल्या काळात हायसिंथ कुळात आणि आज शतावरीच्या कुळात. वैद्यकाच्या आणि वनखात्याच्या जुन्या कागदपत्रांत अजून 'अर्जिनिया इंडिका' हेच नाव असते, म्हणून शोधणाऱ्याने दोन्ही नावे ध्यानात ठेवावीत.

इथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. महाराष्ट्रातल्या वनस्पतींचा अभ्यास करणारे ज्या ग्रंथाला आजही प्रमाण मानतात तो थिओडोर कुक यांचा 'फ्लोरा' १९०१ ते १९०८ या काळात निघाला; पण तो मुंबई इलाख्याचा. भंडारा त्या वेळी मध्य प्रांतात. त्यामुळे सह्याद्रीच्या गडागडावरचे गवतही ज्या ग्रंथात नोंदले गेले त्यात वैनगंगेच्या खोऱ्याला जागा नव्हती. १९५६ नंतर राज्याची सीमा बदलली आणि १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, तरी अभ्यासाचा तोल पश्चिमेकडेच राहिला. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने १९९६ मध्ये एकदल वनस्पतींचा खंड प्रसिद्ध करून संपूर्ण राज्य एका ग्रंथात आणले. तरीही कास पठारावरच्या फुलांवर जितके छापून येते त्याच्या शतांशही भंडाऱ्याच्या बरडावर येत नाही. याला सौंदर्य हे एक कारण आहेच; पण सवय हे त्याहून मोठे कारण असावे.

रानकांदा हा नावाने कांदा असला तरी कांद्याच्या कुळातला नाही. आपल्या स्वयंपाकघरातला कांदा, लसूण, पात हे सगळे 'आलियम' प्रजातीचे. कांद्याचे मूळ घर मध्य आशियात मानले जाते. भारतात आलियमच्या जंगली जाती प्रामुख्याने हिमालयात आहेत. उत्तराखंडात डाळीला ज्या 'जंबू' किंवा 'फरण'ची फोडणी देतात ती एका डोंगरी आलियमची वाळवलेली पाने आणि फुले. आश्चर्य वाटेल, पण या प्रजातीत अजून नवी भर पडते. उत्तराखंडातल्या नीती खोऱ्यातल्या मलारी गावाच्या परिसरातून 'आलियम नेगियानम' या नव्या जातीचे वर्णन २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. तीन हजार मीटरहून उंचावरच्या कुरणांत वाढणारा हा कांदा तिथले लोक आधीपासून घरच्या बागेत लावून खात होते. शास्त्राला त्याची ओळख उशिरा पटली. भंडाऱ्याच्या रानात मात्र खरा जंगली कांदा नाही. जो आहे तो कांद्याचे रूप घेतलेला परका आहे, आणि विषारी आहे.

विषाचा हा मुद्दा विस्ताराने सांगितला पाहिजे. कारण याच विषामुळे रानकांद्याला हजारो वर्षे औषधात मान मिळाला, आणि आज याच विषामुळे त्याच्याविषयीचे अर्धवट ज्ञान धोक्याचे ठरू शकते.

भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावर रानकांद्याचा थोरला भाऊ वाढतो, ड्रिमिया मॅरिटिमा, म्हणजे समुद्रकांदा. त्याचा गड्डा कधी कधी मुलाच्या डोक्याएवढा होतो. प्राचीन इजिप्तमधल्या, इसवी सनापूर्वी सुमारे १५५० च्या, वैद्यकीय पपायरसमध्ये त्याचा उल्लेख मानला जातो. ग्रीक वैद्य तो सिरक्यात मुरवून कफावर आणि अंगावर सूज येणाऱ्या जलोदरावर देत. अरबांकडून तो युनानी वैद्यकात 'उन्सुल' किंवा 'इस्कील' या नावाने आला आणि भारतातल्या हकिमांना त्याच्या जागी वापरण्याजोगा आपला रानकांदा आयताच मिळाला. पुढे इंग्रजांनीही तेच केले. भूमध्य समुद्रावरून माल आणण्यापेक्षा इथला बरा, म्हणून 'इंडियन स्क्विल' या नावाने रानकांदा ब्रिटिश औषधकोशात अधिकृत पर्याय म्हणून दाखल झाला. खोकल्याच्या औषधांत तो अनेक दशके जात असे. आयुर्वेदाच्या परंपरेतही तो कफघ्न, मूत्रल आणि हृदयावर परिणाम करणारा म्हणून ओळखला जातो. खेड्यापाड्यांत गड्डा भाजून तळपायाच्या कुरुपावर बांधण्याची रीत आहे.

जलोदरावर तो का चालतो, हे विसाव्या शतकात उलगडले. स्विस रसायनशास्त्रज्ञ आर्थर स्टोल यांनी समुद्रकांद्यातून 'सिलारेन' हे द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळे केले. हे द्रव्य हृदयाच्या स्नायूंच्या पेशींमधला सोडियम-पोटॅशियमचा पंप अडवते. त्यामुळे ठोका जोरकस होतो आणि नाडी मंदावते. दुर्बळ हृदयामुळे शरीरात साठलेले पाणी मग लघवीवाटे निघून जाते. डिजिटॅलिस या प्रसिद्ध औषधाचे कामही असेच चालते. गंमत अशी की रानकांद्यातली ही द्रव्ये ज्या रासायनिक गटात मोडतात त्या गटाला नाव पडले आहे भेकावरून, कारण भेकाच्या कातडीतल्या विषातही तीच घडण सापडते. कांदा आणि भेक यांचे असे नाते कोणाच्या स्वप्नातही आले नसते.

परंतु औषधाची मात्रा आणि विषाची मात्रा यांत अंतर अगदी थोडे. मळमळ, उलट्या, जुलाब, मग नाडी मंद आणि अनियमित होणे, आणि वेळेवर उपचार न झाल्यास हृदय बंद पडणे, असा क्रम असतो. त्यात आणखी अडचण अशी की कोणत्या गड्ड्यात किती द्रव्य आहे हे डोळ्यांनी कळत नाही. रानकांद्याच्या निरनिराळ्या ठिकाणच्या झाडांत गुणसूत्रांचे संच दोन, तीन, चार अशा पटींत आढळतात. दिसायला सारखी झाडे आतून सारखी असतीलच असे नाही. आधुनिक वैद्यकाने हा कांदा बाजूला ठेवला तो यामुळेच. ज्याची मात्रा मिलिग्रॅममध्ये मोजता येते असे औषध हाती असताना गड्ड्याचा भरवसा कोण धरणार? घरगुती उपाय म्हणून रानकांदा पोटात घेण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये. चुकून खाल्ला गेल्यास रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावे आणि शक्य असल्यास वनस्पतीचा तुकडा सोबत न्यावा.

त्याच्या रसानेही अंगाला खाज सुटते, कारण पापुद्र्यांत चुन्याच्या क्षाराचे सुईसारखे स्फटिक भरलेले असतात. समुद्रकांद्याची तांबडी जात युरोपात उंदीर मारण्यासाठी वापरली जाई. उंदराला उलटी करता येत नाही. कुत्र्या-मांजराने किंवा माणसाने ते विष खाल्ले तर बरेचसे उलटून पडण्याची शक्यता असते, उंदराच्या पोटात मात्र ते राहते. दक्षिण आफ्रिकेत याच प्रजातीतली 'स्लांगकोप' म्हणजे 'सापाचे डोके' नावाची वनस्पती गुरे दगावण्यास कारण होते. कोरड्या ऋतूच्या शेवटी सर्वांत आधी हिरवा होणारा कोंब तिचा असतो आणि भुकेले जनावर त्यालाच तोंड लावते. आपल्याकडे पाने पावसानंतर, भरपूर गवताबरोबर येतात, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट.

माणसाच्या बाबतीत धोका आहे तो ओळखण्यातल्या चुकीचा. मृग-आर्द्रात रानभाज्यांचा हंगाम सुरू होतो. मुंबई-ठाण्याच्या बाजारात 'फोडशी', 'कुळू', 'कोळीची भाजी' या नावांनी ज्या हिरव्या पातीच्या जुड्या येतात त्या सफेद मुसळीच्या गणातल्या वनस्पतींच्या. त्यातल्या एका जातीचे शास्त्रीय नावच मुळी 'बोरिविलियानम' असे आहे. बोरिवलीच्या जंगलातून फादर सांतापाव आणि फर्नांडिस यांनी तिचे वर्णन १९५० च्या दशकात प्रसिद्ध केले. ही भाजी रुचकर आहे आणि निर्धास्त खाण्याजोगी आहे. अलीकडच्या वर्षांत कृषी खाते जिल्ह्याजिल्ह्यांत रानभाजी महोत्सव भरवते, त्यामुळे शहरातल्या लोकांनाही या भाज्यांची गोडी लागली आहे. ती लागावीच. परंतु शहरातला उत्साही माणूस सुटीच्या दिवशी स्वतःच रानात जाऊन पात खुडू लागला, तर गोष्ट निराळी. कोवळेपणी मुसळीची आणि रानकांद्याची पाने एकाच सुमारास, एकाच प्रकारच्या जमिनीत येतात आणि नवख्याला सारखी वाटू शकतात. खणून पाहिल्यास मात्र संशय राहत नाही. मुसळीला गड्डा नसतो. बुडाशी शतावरीसारख्या मांसल मुळ्यांचा झुबका असतो. रानकांद्याला पापुद्र्यांचा पक्का गड्डा असतो. शिवाय मुसळीला पावसाळ्यातच, पानांसोबत, पांढरी चांदणीसारखी फुले येतात. रानकांदा त्या वेळी केवळ पानांवर असतो.

कांद्याबाबतची आणखी एक खूण आहे आणि ती अमेरिकेच्या सेजब्रश प्रदेशातही सांगितली जाते. तिथे जंगली कांद्यासोबत 'डेथ कॅमास' नावाचा विषारी कंद वाढतो आणि पाने इतकी सारखी की जाणकारही फसतात. तिथले लोक पान चुरगळून वास घेतात. कांद्याचा वास आला तरच तो कांदा. आपल्या रानकांद्याचे पान चुरगळले तर कांद्याचा वास येत नाही. चिकट रस तेवढा हाताला लागतो. अर्थात ही खूण एकट्याने पुरेशी नाही, कारण हाताला आधीच कांद्याचा वास लागलेला असेल तर नाक फसते. पिढ्यान्‌पिढ्या भाजी खुडणाऱ्या बाईकडूनच ती घ्यावी, हा सर्वांत सुरक्षित मार्ग.

रानकांद्याच्या नातलगांपैकी महाराष्ट्राला अभिमान वाटावा असे घराणे 'दीपकाडी'चे. शास्त्रीय नावही दिपकाडी आणि मराठी नावही जवळपास तेच. कोकणी दीपकाडी, म्हणजे दिपकाडी कोंकनेन्स, रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या जांभ्या दगडाच्या सड्यांवर पहिल्या पावसाबरोबर फुलते. काळ्याभोर ओल्या कातळावर पांढऱ्या, सुगंधी, लांबट फुलांच्या काड्या उभ्या राहिल्या की सडा ओळखू येत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला डॅल्झेल यांनी तिचे वर्णन केले. जगात ती कोकणाबाहेर नाही. साताऱ्याच्या पठारांवर 'अर्सुले' नावाची दुसरी एक जात आहे आणि मुंबईजवळच्या कान्हेरीच्या खडकांवरून फादर ब्लॅटर यांनी 'सॅक्सोरम' या जातीचे वर्णन केले. यातल्या बऱ्याच जातींची नावे धोक्यातल्या वनस्पतींच्या याद्यांत आली आहेत. कारणे सर्वांना माहीत आहेत: चिऱ्याच्या खाणी, सुरुंग लावून आणि माती भरून केलेल्या आंबा-काजूच्या बागा, रस्ते, वसाहती. सड्यावर झाड नाही म्हणून तो 'ओसाड', आणि ओसाड म्हणून त्याचे काहीही करावे, हा तर्क कोकणात आणि भंडाऱ्यात एकच आहे.

भंडाऱ्यात या तर्काला मागल्या वर्षांत कायद्याचे वळण लागले. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात 'वन' या शब्दाचा अर्थ शब्दकोशाप्रमाणे घ्यावा, मालकी कोणाचीही असो, असा आदेश दिला. तेव्हापासून झुडपी जंगल हे वन की महसुली जमीन, हा वाद पूर्व विदर्भात चालू होता. या जमिनींवर मधल्या काळात शाळा, दवाखाने, स्मशाने, सरकारी कचेऱ्या आणि गरिबांची घरे उभी राहिली होती. ती सगळी एका फटक्यात बेकायदा ठरण्याची भीती होती. २२ मे २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई आणि न्यायमूर्ती ऑगस्टिन मसीह यांच्या खंडपीठाने निकाल दिला. सुमारे ८६ हजार हेक्टर झुडपी जमीन या खटल्याच्या केंद्रस्थानी होती. ती १९९६ च्या आदेशानुसार वनच मानली जाईल. मात्र १२ डिसेंबर १९९६ पूर्वी सक्षम अधिकाऱ्यांनी वाटप केलेल्या जमिनींसाठी राज्याने एकदाच एकत्रित मंजुरी मागावी, असे न्यायालयाने सांगितले. वनालगत नसलेले, तीन हेक्टरांहून लहान असे विखुरलेले तुकडे 'संरक्षित वन' म्हणून घोषित करण्याची वाटही ठेवली. योगायोग असा की निकालाची तारीख रानकांद्याच्या फुलोऱ्याच्या मोसमात आली.

निकालाने जमीन वाचेल. पण जमिनीवरचा कांदा वाचेलच असे नाही. झुडपी जमिनीला 'वन' म्हटले की तिथे वृक्ष लावण्याची घाई सुटते. खड्डे खणणे, चर काढणे, यंत्राने जमीन फोडणे, मग सरळ रांगांत एकाच जातीची रोपे लावणे. उघड्या उन्हात, खुरट्या झुडपांमध्ये वाढण्याची सवय असलेल्या गड्ड्याला यातली कोणतीच गोष्ट मानवत नाही. निकालात पर्यायी वनीकरणासाठी झुडपी जमीन सरसकट वापरण्याला आळा घातला आहे, दुसरी बिगरवन जमीन उपलब्ध नसल्याचे मुख्य सचिवांनी प्रमाणित केल्याशिवाय ती वापरता येणार नाही. या अटीचे महत्त्व, आमच्या मते, वनस्पतींच्या दृष्टीने अधिक आहे. झाड नसलेली जमीन म्हणजे झाड लावायची जमीन, हे समीकरण चुकीचे आहे.

मुरमाचे उत्खनन हा दुसरा घाव. रस्त्याच्या भरावासाठी बरडाचा वरचा थर खरवडून नेला जातो आणि रानकांद्याचे गड्डे नेमके त्याच वीतभर थरात असतात. बीपासून फुलोऱ्यापर्यंत पोचायला गड्ड्याला काही वर्षे लागतात, त्यामुळे एकदा गेलेली वस्ती दोन-चार पावसांत परत येत नाही. तिसरा घाव औषधी व्यापाराचा. मुसळी असो वा रानकांदा, कंद काढणे म्हणजे अख्खे झाडच काढणे. पाने खुडण्यासारखे ते नव्हे. सफेद मुसळीची लागवड शेतात होऊ लागल्याने तिच्यावरचा थोडा ताण तरी कमी झाला.

जैवविविधता कायदा २००२ मध्ये झाला. त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी आणि तिने लोकांच्या माहितीच्या आधारे गावाची नोंदवही तयार करावी, अशी तरतूद आहे. या नोंदवह्यांत वृक्षांची नावे भरपूर असतात, औषधी वनस्पतींचा रकानाही असतो. पण नोंदीची पाहणी बहुधा पावसाळ्याच्या अखेरीस किंवा हिवाळ्यात होते. हिवाळ्यात रानकांदा जमिनीवर नसतोच. पावसाळ्यात असतो तो गवतात हरवलेला. त्याची खरी गणना करायची तर पाहणी दोनदा व्हावी लागेल. एकदा एप्रिल-मेमध्ये, तेंदूपत्त्याचे संकलन चालू असताना, उघड्या बरडावरचे दांडे मोजण्यासाठी. आणि पुन्हा जुलैमध्ये, त्याच जागांवर पाने आली की नाही हे पाहण्यासाठी. दांड्यांहून पानांचे झुबके जास्त भरले तर त्यांत फुलण्याच्या वयाला न आलेले कोवळे गड्डे असण्याची शक्यता आहे आणि ती वस्ती वाढती आहे. दांडेच दांडे आणि कोवळी पाने कुठेच नाहीत, असे आढळले तर तिथे बी रुजणे थांबले आहे, असे समजण्यास आधार मिळतो. मोजणाऱ्याने दांड्याशेजारी चुन्याची खूण केली तरी जुलैत जागा सापडते.